जुन्या मोटारीचा सायलेन्सर

वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात पुढे फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. तीच मोटार नंतर पद्मिनी ह्या नावाने सर्वांस परिचित झाली. ह्या शतकाच्या आरंभी तिची निर्मिती थांबली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींतूनही ती नियमाप्रमाणे निवृत्त झाली. तिचे सुटे भाग आता त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधावे लागतात, हा योगायोग गमतीचा खरा! आदिलाबादेत किंवा पैनगंगेपलीकडे ज्यांच्या अंगणात वडिलांच्या काळची फियाट अजून उभी असेल, त्यांच्यासाठी आजचे हे टिपण.

अशा मोटारीचा सायलेन्सर बहुधा आतून कुजतो. पेट्रोल जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही निर्माण होते. मोटार दूरवर गेली तर नळी चांगली तापून ही वाफ बाहेर निघून जाते. परंतु घरापासून बाजारापर्यंतच जाऊन परतणाऱ्या मोटारीत तिचे पाणी होऊन ते सायलेन्सरच्या तळाशी साचते. म्हणून पुष्कळ फिरलेल्या मोटारीपेक्षा जपून ठेवलेलीचाच सायलेन्सर पुष्कळदा आधी जातो.

तो बदलताना जुने काहीच टाकून देण्याची घाई करू नये. इंजिनास जोडलेला बिडाचा मॅनिफोल्ड तडकलेला नसेल तर अवश्य ठेवावा. त्याचे गंजलेले नट हातोडीने ठोकू नयेत. बीड तडकले की ते सांधणे कठीण. रात्रभर डिझेल सोडून ठेवावे, मग नट तापवून हळूहळू फिरवावे आणि परत बसवताना पितळी नट घ्यावेत, म्हणजे पुढच्या वेळी ते अडकणार नाहीत. नळीच्या टोकाची जाड चकती कापून नव्या नळीस वेल्ड करता येते. कुजलेली नळीसुद्धा निरुपयोगी नव्हे. मिस्त्रीस नवी नळी वाकवावयास तोच उत्तम नमुना होय. नव्या नळीचा व्यास मात्र जुन्याइतकाच असावा. अरुंद नळीने इंजिनाचा श्वास कोंडतो.

काटकसर येथे संपते. पॅकिंग प्रत्येक वेळी नवेच घालावे आणि छिद्र पडलेल्या सायलेन्सरवर पत्रा चिकटवून दिवस काढू नयेत. धुरातील कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूस रंग नाही, गंध नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. आदिलाबादची डिसेंबर-जानेवारीतील थंडी प्रसिद्धच आहे. त्या दिवसांत काचा लावून निघालेल्या मोटारीत मागे निजलेली मुले प्रवासाने दमली आहेत असेच आईवडिलांस वाटते. डोके दुखू लागले, मळमळू लागले, विलक्षण झोप येऊ लागली तर मोटार थांबवून सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

काम करताना मोटार केवळ जॅकवर उभी ठेवून तिच्याखाली कोणी शिरू नये. भक्कम घोड्या लावाव्यात. काम झाल्यावर मोटार उघड्यावर आणून इंजिन सुरू करावे आणि नळी तापण्यापूर्वीच सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर सांधा पुन्हा उघडावा. काही दिवसांनी, इंजिन थंड असताना, सर्व नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, कारण तापून निवताना ते थोडे सैल पडतात.