निरोपाच्या गाण्याची किंमत

१९४६ साली टेनेसीच्या डोंगरात अमेरिकन गायिका डॉली पार्टन जन्मली, तेव्हा डॉक्टरची फी तिच्या बापाने मक्याच्या पिठाने भागवली. बारा भावंडांतली ही चौथी. शाळा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९६४मध्ये, तिने कंट्री संगीताचं माहेरघर नॅशव्हिल गाठलं. गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमाने तिला घराघरात पोचवलं, पण आता एकटीने पुढे जायचं तर तिथून सुटायचं कसं? वाद घालण्यापेक्षा तिने एक गाणं लिहिलं, ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’, आणि त्यालाच ऐकवलं. तो रडला. हे गाणं एल्व्हिस प्रेस्लीला हवं होतं. त्याच्या मॅनेजरने मात्र प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले. एल्व्हिससारखा गायक दारात उभा असताना नाही म्हणायला छाती लागते! डॉली नाही म्हणाली आणि मग रात्रभर रडली. १९९२मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ‘द बॉडीगार्ड’मध्ये तेच गाणं गायलं, जगभर वाजलं, आणि हक्क डॉलीकडेच होते. पॉपकडे वळतानाही ती अशीच सावध. १९७७च्या ‘हिअर यू कम अगेन’ या गाण्यात तिने स्टील गिटार मुद्दाम घालायला लावली, म्हणजे कंट्रीवाल्यांना तोंड उघडायला जागा नको. लेक एवढी गाजली, बाप मात्र निरक्षरच राहिला. त्याच्यावरूनच १९९५मध्ये तिला लहान मुलांना घरपोच पुस्तकं पाठवायचं सुचलं. पहिली गेली तिच्याच सेव्हियर काउंटीत.