काळ्या आकृतीला नाव देताना

वरंध किंवा आंबेनळी घाटात भर दुपारी मान वर केली, की घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याचा रंग दिसत नाही. दिसते ती काळी आकृती. महाड-पोलादपूरकडून येणाऱ्या गिधाडांच्या नोंदींत अशा आकृतीखाली हल्ली बेधडक जात लिहिलेली असते. त्याविषयी थोडे.

रॉजर टोरी पीटरसन यांनी 1934 च्या पुस्तकात पक्षी आकृती आणि मोजक्या खुणांवरून ओळखायला शिकवले. दुसऱ्या महायुद्धात हीच रीत अमेरिकी सैन्याने विमाने ओळखण्यासाठी वापरली. पण विमानाची पिसे गळत नाहीत. पिसे बदलणाऱ्या गिधाडाच्या पंखांची कडा तुटक दिसते आणि ओळखीची आकृती परकी वाटू लागते.

तरीही आकृती पुष्कळ सांगते. घारीच्या शेपटीला खाच असते, मात्र शेपटी पसरली की ती नाहीशी होते. एकाच छायाचित्रावर विसंबू नये. गिधाडाची शेपटी आखूड, पंख लांब-रुंद, घिरट्या घालताना किंचित वर उचललेले. खरा फसवतो तो काळा गरुड. झाडांच्या शेंड्यांवरून संथ उडणाऱ्या या पक्ष्याचे पंख अंगापाशी निमुळते असतात, शेपटी लांब. आधी शेपटी पाहावी.

आकृतीची मदत इथे संपते. प्रौढ पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या पंखांखालचा पुढचा भाग पांढरा आणि अंग गडद, तर लांब चोचीच्या गिधाडाचे अंग फिकट. उन्हाविरुद्ध हा फरक पुसला जातो. मग कड्यावरून उठले म्हणून ते लांब चोचीचे, असा हिशेब होतो. ही जात कड्यांवर आणि दुसरी उंच झाडांवर घरटी करते हे खरे, पण उडणारा पक्षी घरटे सोबत नेत नाही!

जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे 1992 ते 2007 या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे 99.9 टक्क्यांनी घटली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये बंदी आली. शेजारच्या म्हसळा तालुक्यात, चिरगावला, महाडची सीस्केप संस्था याच जातीसाठी काम करते. इतक्या थोड्या पक्ष्यांच्या मोजणीत अंदाजाने लिहिलेले एक नावही महागात पडते.

तेव्हा खात्री नसेल तर ‘गिधाड, जात अनिश्चित’ असे लिहा. सोबत शेपटीचा आकार, पंखांची ठेवण, वेळ आणि उजेडाची दिशा द्या. अशी नोंद आम्ही पूर्ण समजून छापू.