चव्हाट्यावरची लेखणी

समाजमाध्यमांनीं लेखकास घरबसल्या वाचक दिला, हें आम्हांस मान्य आहे. पण तेवढ्यानेंच हुरळणाऱ्यांनीं पेरुमाळ मुरुगन यांची हकीकत आठवावी. या तमिळ लेखकाच्या २०१० सालच्या कादंबरीविरुद्ध २०१४ च्या अखेरीस गहजब उठला, आणि जानेवारी २०१५ मध्यें आपल्यांतील लेखक मेल्याचें त्यांनीं फेसबुकावरच जाहीर केलें. वार्ता देशभर पसरली, सहानुभूतीही मिळाली. परंतु लेखणी मोकळी झाली ती २०१६ मध्यें, मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानें! चव्हाट्यावर हळहळ मिळते, अभय मिळत नाहीं. जमावाच्या वाहवेसाठीं लिहिणारा उद्यां त्याच जमावाच्या भयानें थांबेल. पसंतीचे आंगठे मोजणाऱ्या आमच्या लेखकबंधूंनीं तेथें ग्रंथाची दवंडी खुशाल पिटावी; ग्रंथ मात्र दार लावूनच लिहावा.