मीटरच्या खोलीतला एक मीटर

जुन्या सोसायट्यांतली विद्युत तपासणी अनेकदा दहा मिनिटांत उरकते. मीटरची खोली जिन्याखाली. दारात दोन दुचाकी, आत उरलेल्या लाद्या, रंगाचे डबे, मागच्या वर्षीच्या मखराचा सांगाडा. पॅनेलचे दार वीतभर उघडते आणि लाद्यांना अडते. आलेला वायरमन त्या फटीतून बॅटरी मारतो, अहवालावर ‘ठीक’ लिहितो आणि जातो. पेशंटने तोंड न उघडताच दात तपासावेत, तशी ही तपासणी.

पॅनेलमधला मोठा धोका बाहेरून दिसतच नाही. तो म्हणजे ढिला जोड. भार वाढला की जोड तापून प्रसरण पावतो, भार उतरला की आकसतो. वर्षानुवर्षे हे चालले की स्क्रू सैल पडतो आणि तिथला रोध वाढतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मे महिन्यात एसींमुळे प्रवाह दुप्पट झाला, तर त्या जोडावर उष्णता चौपट. एमसीबी मात्र गप्प राहतो, कारण प्रवाह त्याच्या मर्यादेतच असतो. हा दोष सापडतो तो झाकण काढून, काळवंडलेले इन्सुलेशन पाहून, थर्मल कॅमेऱ्याने तापमान मोजून किंवा पुरवठा बंद करून स्क्रू आवळून. यातले एकही काम दुचाकीच्या सीटवरून वाकून होत नाही.

म्हणूनच स्विचबोर्डासमोर किमान एक मीटर जागा मोकळी हवी, अशी अट भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही ती आली. त्यातला मागच्या बाजूचा भाग तर फार शहाणपणाचा आहे. मागे उघडे जोड असतील तर तिथली जागा २० सेंटिमीटरपेक्षा कमी तरी असावी, नाहीतर ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त. म्हणजे माणूस शिरूच शकणार नाही किंवा नीट उभा राहू शकेल. मधली, अंग चोरून शिरण्याची जागा नकोच.

समोरची मोकळी जागा वायरमनच्या सोयीसाठी नाही, जिवासाठी आहे. ठिणगी उडाली की माणूस दचकून मागे सरतो. मागे लोखंडी सायकल असेल आणि एक हात जिवंत तारेजवळ, तर प्रवाहाची वाट छातीतून जाते. अनेक घरांतल्या आरसीसीबीची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवलेली असते, ती हृदयाची लय बिघडू नये म्हणून. सात वॅटचा एलईडी दिवाही साधारण एवढा किंवा थोडा जास्त प्रवाह ओढतो.

खोली जिन्याखाली असल्याचा आणखी एक तोटा रहिवाशांना भोवतो. पीव्हीसीच्या वायरी जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड निघतो. जिना धुराड्यासारखा तो धूर वर ओढतो. लोक खाली पळतात तेही त्याच जिन्याने.

दोष एकट्या वायरमनचा नाही. सामान हलवण्याचा अधिकार त्याला नसतो आणि ‘उद्या या’ म्हणणाऱ्या सेक्रेटरीशी वाद घालणे त्याला परवडत नाही. पण ‘ठीक’ लिहिण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. ‘पॅनेल उघडता आले नाही, तपासणी झालेली नाही’ असा शेरा त्याने लिहावा आणि तो सर्वसाधारण सभेत वाचला जावा. दुचाकी कुणाच्या, लाद्या कुणाच्या, हे सभेत सगळ्यांनाच ठाऊक असते.