सुपातले शब्द

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, म्हणजे १३व्या शतकात म्हाइंभटांनी जेथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केल्याचे मानले जाते त्या भूमीत, मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. वऱ्हाडने अभिमान बाळगावा अशाच या घटना आहेत. परंतु त्या विद्यापीठात उद्या जाणारा विद्यार्थी आज अकोला-अमरावतीच्या एखाद्या चौथीच्या वर्गात बसला आहे, आणि तेथे त्याला शब्द कसे शिकविले जातात? फळ्यावर दहा शब्द, समोर दहा अर्थ. वहीत उतरवा, परीक्षेत जोड्या लावा. ‘पाखडणे’ म्हणजे धान्य स्वच्छ करणे, ‘चाळणे’ म्हणजे तेच आणि ‘निवडणे’ म्हणजेही तेच!

याऐवजी शिक्षकाने एक सूप, एक चाळणी आणि पसाभर ज्वारी वर्गात आणावी. मुलांनी ती स्वतः पाखडावी, चाळावी, घोळावी, निवडावी. पाखडताना फोलपट उडून जाते, चाळताना बारीक ते खाली पडते, निवडताना बोटे एकेक खडा शोधून उचलतात. हा भेद हाताला एकदा कळला की विसरत नाही. मग प्रत्येकाने आपण काय केले ते पूर्ण वाक्यात सांगावे. त्यापुढची पायरी अधिक रंजक आहे. निवडण्यातून ‘निवडणूक’ आली, चाळण्यातून ‘चाळणी परीक्षा’, आणि सुपात घोळणारे दाणे पाहिलेल्या मुलाला ‘मनात विचार घोळणे’ समजावून सांगावे लागत नाही. कापसाचे एक बोंड घेतले तर वेचणे, पिंजणे, कातणे, सरकी, सूत, वात असा गोतावळाच हाती येतो. ‘विषय पिंजून काढणे’ हा वाक्प्रचार तेथेच भेटतो.

ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी बिया, पाने, शंख-शिंपले हेच शिक्षणसाहित्य मानले. आपल्या वऱ्हाडात तर गाडगेबाबांचे अवघे कीर्तनच प्रश्नोत्तरांचे होते. निरक्षर श्रोत्यांच्या तोंडून, त्यांच्याच बोलीत ते उत्तर काढून घेत.

बोलीचा मुद्दा येथे कळीचा आहे. घरी ‘वावर’, ‘धुरा’, ‘पऱ्हाटी’ म्हणणाऱ्या मुलाला शाळेत ‘शेत म्हण, बांध म्हण’ असे दटावले की ते मूल शब्द सुधारत नाही, बोलणेच थांबविते. वहीत दोन रकाने करावेत, एक घरच्या शब्दाचा आणि एक पुस्तकातल्या शब्दाचा. कोणताही खोडू नये. धारणी-चिखलदऱ्याच्या शाळांत तिसरा रकाना कोरकूचा हवा. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, संथाळीची नातलग. त्या मुलाला प्रमाण मराठी अक्षरशः परकी असते. त्याचा शब्द आधी ऐकल्याशिवाय त्याला आपला शब्द देता येणार नाही.

‘अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?’ ही शिक्षकांची अडचण खोटी नाही. पण आठवड्यातील एक तासिका पुरते, आणि पाठ करून विसरलेल्या पन्नास शब्दांपेक्षा बोलण्यात आलेले दहा शब्द केव्हाही मोलाचे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेवर आणि कृतीतून शिक्षणावर भर दिलाच आहे. त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

इंग्रजी माध्यमात मुले घालणाऱ्या आपल्या सुशिक्षित कुटुंबांनाही हे लागू आहे. त्यांच्या घरी सूप असलेच तर ते माळ्यावर असते. मात्र आजी घरात असते. तिला महिन्यातून एकदा वर्गात मानाने बोलवावे. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, त्या आधी शेतकरी सीतादही करतात. त्या दिवशी आपल्या कार्यकर्त्यांनी जवळच्या शाळेचा एक वर्ग वावरात न्यावा आणि कास्तकारालाच विचारू द्यावे, ‘बोला पोरांनो, याला काय म्हणतात?’