पाव किलो आणि एक छेद चार

पाव किलो साखर जास्त की अर्धा किलो, असं चौथीतल्या मुलाला विचारलं तर ते विचारणाऱ्याकडेच संशयाने बघेल. तोच प्रश्न फळ्यावर एक छेद चार आणि एक छेद दोन असा मांडला, की तीच मुलं एक छेद चार मोठा म्हणून मोकळी होतात. दोनपेक्षा चार मोठे, एवढा त्यांचा हिशेब. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही सगळी मंडळी मुलाच्या बोलण्यात शाळेआधीपासून असतात. तरी अपूर्णांकाचा धडा कोऱ्या पाटीपासून सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत त्या मुलावर ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो. पाढे हवेत की समज हवी, या वादात आपण बरीच वर्षं घालवली. मला खरी अडचण वेगळीच दिसते. मुलाला जे कळतं आणि वहीत जे लिहायचं असतं, त्या दोहोंची गाठ वर्गात कुणी घालून देत नाही.

हा नुसता तर्क नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा एक छोटा पण गाजलेला अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारले, तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसेच हिशेब नंतर कागदावर नुसत्या आकडेमोडीचे म्हणून दिले, तर जेमतेम ३७ टक्के. ३५ ला एक याप्रमाणे दहा नारळांचे किती, या प्रश्नावर बारा वर्षांच्या मुलाने तीन नारळांचे १०५ केले, आणखी तीन धरून २१०, मग ३१५ आणि शेवटी ३५०. शाळेतल्या हुशार मुलाने एक शून्य जोडून विषय संपवला असता. या मुलाने शून्य जोडलं नाही, पण ३५० मध्ये दहा नारळ कसे बसतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारात काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडला. गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडली. यांतली बहुतेक मुलं शाळेत जात होती किंवा नुकतीच जाऊन आली होती, हे विसरू नये. आणि बाजाराची सवय नसलेली शाळकरी मुलं? वहीतल्या गणितात ती सरस ठरली; पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांना जमला, तो त्यांच्यापैकी शंभरात एकालाच जमला.

पण म्हणून बाजारातल्या गणिताचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. नारळवाल्याची रीत ३५ गुणिले १० ला पुरते, ३४७ गुणिले ८६ ला थकते. लेखी मांडणी हा माणसाने शोधलेला मोठा सोयीचा मार्ग आहे आणि प्रत्येक मुलाचा त्यावर हक्क आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००१ मध्ये गणित येण्याचे पाच पदर सांगितले: संकल्पना कळणं, क्रिया सफाईने करता येणं, प्रश्नाची मांडणी जमणं, कारण सांगता येणं आणि गणित आपल्याला जमेल असा भरवसा असणं. हे पदर वेणीसारखे गुंफलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या वर्गात मार्क मात्र मुख्यतः दुसऱ्याच पदराला.

५२ वजा २७ घ्या. कितीतरी मुलं ३५ लिहितात. हा निष्काळजीपणा नव्हे, त्यामागे नियम आहे: मोठ्यातून लहान वजा करायचा, म्हणून सातातून दोन गेले, राहिले पाच. लाल फुली मारून आणखी दहा उदाहरणं दिली तर हाच नियम दहा वेळा घोटला जातो. त्याऐवजी ५२ रुपयांतले २७ खर्च झाले, उरले किती, असं विचारावं. बरीच मुलं २७ वर तीन मिळवून ३०, मग वीस मिळवून ५०, वर दोन, असे २५ सांगतात. आता फळ्यावर ३५ आणि २५ शेजारी-शेजारी आहेत, आणि खरं कुठलं हे मुलांनीच ठरवायचं आहे. ३५ मध्ये २७ मिळवले की ६२ होतात, हे कुणीतरी पकडतंच. मग काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या घ्याव्यात, एक गठ्ठा सोडावा, चार दशक आणि बारा सुटे करावेत, आणि त्यानंतरच पाचावर काट मारून वर चार लिहावेत. आता त्या काट मारण्याला अर्थ आला.

यावर पहिला आक्षेप येतो तो पाढ्यांचा: समजेच्या नादात पाठांतर गेलं. तक्रार खोटी नाही. सात आठे बोटांवर मोजणारं मूल भागाकाराच्या दुसऱ्या पायरीवर पहिली विसरतं. पाढे पाठ हवेतच. जुन्या शाळेतल्या पावकी, निमकी, दिडकी या पाव, अर्धा, दीडच्या पाढ्यांनाही मी हसणार नाही, कारण ते थेट हिशेबासाठी होते. पण सात चोक अठ्ठावीसची दुप्पट म्हणजे सात आठे छप्पन्न, हे कळलेलं मूल पाढा विसरलं तरी अडत नाही. दुसरा आक्षेप असा की अनेक रीतींनी मुलं गोंधळतात. शिक्षकानेच पाच रीती पाठ करायला दिल्या तर नक्कीच गोंधळतील. रीत मुलांकडून यावी आणि शेवटी वर्गाने एका मांडणीवर स्थिरावावं.

सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, त्यात पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती. प्रत्येकाला ‘कसं काढलंस’ विचारायचं कधी? प्रत्येकाला विचारायची गरजच नाही. चुका चाळीस असल्या तरी त्यांचे प्रकार तीन-चारच असतात. दहा उदाहरणांऐवजी चार घेतली आणि त्यांतल्या एकावर दहा मिनिटं बोलणं झालं, तर वेळ तेवढाच लागतो.

शिक्षकाने हे करावं असं वाटत असेल तर तपासणीची रीतही बदलायला हवी. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: शाळाभेटीत सतराचा पाढा जरूर म्हणून घ्या, पण त्यानंतर एखाद्या मुलाला ५२ वजा २७ देऊन उत्तर कसं आलं ते विचारा, आणि शेरेबुकात ते उत्तरही लिहा.