लेकीच्या घरचं थँक्सगिव्हिंग

दसरा झाला की आमच्या वयाच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. थँक्सगिव्हिंगला कोण कुणाकडे जाणार? मुलं बॉस्टन, शिकागो, ऑस्टिन अशी पांगलेली, आणि आम्ही एडिसनच्या आसपास चार-चार बेडरूमची घरं राखत बसलेले. परवा भिशीला हाच विषय निघाला तेव्हा एक मैत्रीण ठसक्यात म्हणाली, "आम्ही नाही जात बाई. सणाला पोरांनी आईबापांकडे यायचं असतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणत होते. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून हे लिहितेय.

आता कुणी म्हणेल, थँक्सगिव्हिंग आपला सण कधीपासून झाला? खरंय. १९८४ साली आम्ही इथे आलो तेव्हा नोव्हेंबरातला तो चौथा गुरुवार म्हणजे नुसती सुट्टी होती. दुकानं बंद, रस्ते ओस. चार मराठी कुटुंबं जमून मसालेभात करायचो. एका वर्षी हौसेनं चौदा पौंडांची टर्की आणली. ती दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस फ्रीजमध्ये ठेवून वितळवावी लागते हे आम्हा एकालाही ठाऊक नव्हतं. बाहेरून कोळसा, आतून बर्फ! शेवटी सगळ्यांनी पिठलं-भात खाल्ला.

मग मुलं शाळेतून हाताच्या पंजाची टर्की रंगवून आणायला लागली आणि सण घरात शिरला. पुढे मुलं कॉलेजला गेली, नोकरीला लागली आणि दिवाळीला येईनाशी झाली. दिवाळी मंगळवारी-बुधवारी आली तर कोण सोडणार त्यांना? न्यू यॉर्क शहरातल्या सरकारी शाळा २०२४ साली पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या, पण आमची पोरं आता शाळेत थोडीच आहेत! सगळे जमू शकतील असा सण एकच, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार ते रविवार. वीस वर्षं आमच्याकडच्या चकल्या आणि अनारसे खऱ्या अर्थानं खाल्ले गेले ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मला तर वाटतं ही आमची दिवाळीच आहे, फक्त तिथी वेगळी. आणि तिथीचं म्हणाल तर तो घोळ त्यांच्याकडेही झालाय. लिंकननं १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९३९ मध्ये दुकानदारांना नाताळच्या खरेदीसाठी जास्त दिवस मिळावेत म्हणून रूझवेल्टनं तो आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. म्हणजे एकाच देशात स्मार्त आणि भागवत अशी दोन थँक्सगिव्हिंग! शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसनं कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. असो.

तर २०१९ सालची गोष्ट. लेक फ्रेमिंगहॅमला असते, बॉस्टनच्या अलीकडे. तिला ऑक्टोबरात मुलगा झाला. एवढ्याशा बाळाला घेऊन ती येणं शक्यच नव्हतं. म्हणाली, "आई, यंदा तुम्ही दोघं या." आमचे हे जरा चुळबुळले. सणासुदीला मुलीच्या घरी? माझी आजी नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. आत्याकडे जाताना शिदोरी बांधून न्यायची, आणि दारातल्या कट्ट्यावर बसून ती खायची. मी ह्यांना म्हटलं, नातू झालाय, आता शास्त्रही आड येत नाही, चला.

गाडी भरताना मी काय काय भरलं ते आठवून आज हसू येतं. दोन कूलर. पुरणपोळ्या, डिंकाचे लाडू, अळूवडीचे उंडे, वरणाला तूर डाळ (जशी काही मॅसॅच्युसेट्समध्ये तूर डाळ मिळतच नाही!), शिवाय माझी कढई. बुधवारी दुपारी निघालो. टॅपन झी पूल ओलांडून डॅनबरी, वॉटरबरी, हार्टफर्ड, आणि स्टर्ब्रिजपासून मास पाइक. एरवीचा चार-साडेचार तासांचा रस्ता, त्या दिवशी साडेआठ तास लागले. वॉटरबरीला तर गाडी अर्धा तास जागची हलली नाही. आजूबाजूच्या गाड्यांतही सगळे असेच निघालेले, मागच्या काचेतून उशा आणि पाय दिसणाऱ्या ट्रे दिसत होते.

पोचले ती तडक स्वयंपाकघरात घुसले. ओल्या बाळंतिणीनं कशाला काही करायचं? फोडणीचं साहित्य सापडेना म्हणून कपाटं लावली. ओव्हनमध्ये काय कधी जाणार त्याची तिनं यादी करून फ्रीजला चिकटवली होती, ती मी काढून बाजूला ठेवली. जावयानं टर्कीसाठी जागा मागितली तर म्हटलं, थांब, आधी अळूवड्या होऊ देत. लेक काही बोलली नाही. शुक्रवारी सकाळी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा हळूच म्हणाली, "आई, तू आलीस की मी माझ्याच घरात पाहुणी होते."

लागलं मला. खूप लागलं. परतीच्या वाटेवर हार्टफर्ड येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. आणि मग एकदम आठवलं, १९९३ साली माझी आई सांगलीहून सहा महिने आमच्याकडे आली होती. दुसऱ्या दिवशी तिनं माझा मिसळणाचा डबा नीट लावला, आणि मी गराजमध्ये जाऊन रडले होते. मी तिला काहीच बोलू शकले नाही. सहा महिने नुसती धुसफुसत राहिले. पुढे तिचे गुडघे गेले आणि ती परत कधी आली नाही. माझ्या लेकीनं निदान मला सांगितलं तरी.

पुढच्या वर्षी कोव्हिडमुळे कुणीच कुठे गेलं नाही. २०२१ मध्ये मात्र विहीणबाईसुद्धा ओहायोहून आल्या होत्या. मुलाची आई! आपल्याकडे विहिणीची पंगत म्हणजे केवढा थाट, केवढे मानपान, केवढे रुसवे. ह्या बाई हातात दोन पाय घेऊन आल्या, कोट काढला आणि माझ्या लेकीला विचारलं, "मी काय करू?" लेकीनं बटाट्यांची पिशवी दिली. बसल्या सोलत. मीठ कुठे आहे तेही विचारून घेतलं. मी बघत राहिले, आणि मग त्यांच्या शेजारी जाऊन बसले, दुसरं सोलाणं घेऊन.

मैत्रिणीचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. पोराच्या दारात बॅग घेऊन उभं राहताना काहीतरी आत हलतं. आजवर आपण वाढत होतो, आता आपल्याला वाढणार. आपलं घर सणाच्या दिवशी कुलूपबंद. ज्यांचे गुडघे किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांना तर प्रवासाचीच धास्ती, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. पण ज्यांना जमतं त्यांनी "पोरांनी यायचं असतं" हा नियम कुठून आणला? आपणच ना ते, आठ हजार मैलांवर निघून आलेले? चाळीस वर्षांत मी गणपतीला सांगलीला किती वेळा गेले, बोटांवर मोजले तर चार. बाबा दरवर्षी आरती झाली की फोनजवळ येऊन बसत. "प्रसादाचे मोदक तुझ्या नावानं ठेवलेत," एवढंच म्हणत. मुलांनी यायचं असतं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला उत्तर देता आलं नसतं.

ह्या वर्षी आम्ही बुधवारी पहाटे पाचलाच निघणार आहोत. लेकीला विचारलं, काय आणू? म्हणाली, "लिंबाचं लोणचं. गोड. बाकी काही नाही." नातवानं आजोबांकडे टर्कीत थर्मामीटर खुपसायचं काम सोपवलंय, १६५ अंश झाले की ओरडायचं.

लोणचं घालून झालंय. दुसरा कूलर तळघरात आहे. कालपासून दोनदा तिकडे जाऊन आले, पण अजून वर आणलेला नाही.